स्पीकर अ‍ॅक्टिव्ह केल्यावर येणारं स्सऽऽ, घूंऽऽ आणि ठप्प: एकेक वायर काढून कसं शोधायचं

रात्री अकरा वाजून गेलेले, पंखा बंद केला, फ्रिजचा कॉम्प्रेसरही थांबला आणि गाणं चालू नसताना उजव्या स्पीकरमधून बारीक स्सऽऽ ऐकू यायला लागलं, पावसाळ्यात लांबून ओढ्याचं पाणी ऐकू येतं ना तसं. हेच स्पीकर माझ्याकडे पंधरा वर्षं आहेत, साडेसहा इंची वूफर (खालच्या आवाजाचा) आणि एक इंची सिल्क डोमचा ट्विटर (वरच्या आवाजाचा), आणि पंधरा वर्षांत त्यांनी कधी हूं का चूं केलं नव्हतं. त्या आठवड्यात मी त्यांच्यातला पॅसिव्ह क्रॉसओव्हर (आवाज वूफर-ट्विटरमध्ये वाटून देणारं कॉइल-कपॅसिटरचं सर्किट) काढून डीएसपी (तेच काम डिजिटल करणारा बोर्ड) बसवला आणि वूफरला एक, ट्विटरला एक असा वेगळा अ‍ॅम्प दिला. यालाच स्पीकर अ‍ॅक्टिव्ह करणं म्हणतात. त्यानंतर मावसभावाचे केले, ऑफिसातल्या दोघांचे केले आणि दर वेळी हेच, आधी स्सऽऽ, मग घूंऽऽ, मग चालू-बंद करताना ठप्प. एकाचं मिटवलं की दुसऱ्याकडे तेच. म्हणून आता सगळं एका जागी सविस्तर लिहून ठेवतोय.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. हा आवाज सगळाच नवीन नसतो, बराचसा आधीपासून होता, फक्त पॅसिव्ह क्रॉसओव्हर तो झाकत होता. ट्विटर बहुतेक वेळा वूफरपेक्षा जास्त संवेदनशील असतो, माझ्या जोडीत वूफर ८६ डीबी आणि ट्विटर ९२ डीबी आहे, म्हणजे कंपनीने आतल्या क्रॉसओव्हरमध्ये रेझिस्टर टाकून ट्विटर सहा डीबी दाबून ठेवला होता, आणि त्याच रेझिस्टरने अ‍ॅम्पची स्वतःची सरसरसुद्धा तेवढीच दाबली जात होती. शिवाय ट्विटरच्या रस्त्यात कपॅसिटर होता, तो खालची घूंऽऽ आणि चालू करतानाचा डीसीचा धक्का अडवत होता. आपण ते सगळं काढून फेकलं आणि तेवढा नाजूक ट्विटर थेट अ‍ॅम्पच्या तोंडाशी नेऊन बसवला. मग अ‍ॅम्प जे काही बोलेल ते तो बोलणारच.

(कोणी कोणी आतला क्रॉसओव्हर तसाच ठेवून मागच्या चार टर्मिनलना दोन अ‍ॅम्प लावतात आणि त्याला अ‍ॅक्टिव्ह म्हणतात. ते बाय-अ‍ॅम्पिंग, त्याच्यासाठी हे लिहिलेलं नाही.)

आता शोधायचं कसं. माझं पहिलं सांगणं हे की पार्ट बदलू नका, वायर काढा. लोक लगेच महागडी केबल आणतात, मग दुसरा पॉवर सप्लाय, मग दुसरा अ‍ॅम्प, चार हजार जातात आणि आवाज तिथेच. त्याऐवजी पंधरा-वीस रुपयांचा एक आरसीए प्लग घ्या, मधली पिन आणि बाहेरची कडी एका छोट्या तारेने सोल्डर करून जोडून टाका. झाला शॉर्टिंग प्लग. असे चार करून ठेवा. अ‍ॅम्प बंद करून इनपुटमधली केबल काढायची, हा प्लग खोचायचा, अ‍ॅम्प चालू करायचा आणि ट्विटरला कान लावायचा (पहिल्यांदा चालू करताना कान लांब ठेवा, ठप्प झालं तर कानाला लागतं). इनपुट नुसतं उघडं ठेवून तपासू नका, उघडं इनपुट अँटेनासारखं हवेतली घूंऽऽ पकडतं आणि तुम्ही भलत्याच वाटेला लागता.

प्लग खोचूनही स्सऽऽ तेवढंच राहिलं तर ते अ‍ॅम्पचं स्वतःचं आहे. गेलं, तर ते डीएसपीकडून येतंय. आता डीएसपीचं आउटपुट परत जोडा पण डीएसपीच्या इनपुटला प्लग लावा, आवाज आला तर डीएसपीचा, नाही आला तर तुमच्या फोनचा, लॅपटॉपचा, टीव्हीचा. एवढ्या दहा मिनिटांत अर्धं काम होतं.

स्सऽऽ चं बहुतेक सगळं गेनमध्ये, म्हणजे सिग्नल किती पट मोठा होतो त्यात, असतं. माझा डीएसपी एडीएयू १७०१ चिपचा आहे, त्याचं आउटपुट पूर्ण भरून साधारण ०.९ व्होल्ट. अ‍ॅम्पचा गेन २६ डीबी म्हणजे वीस पट, म्हणजे ०.९ चे १८ व्होल्ट, आठ ओहमवर चाळीस वॅट. वूफरला ठीक आहे. पण ट्विटरला घरात चाळीस वॅट लागतात कुठे? मग आपण काय करतो, डीएसपीमध्ये ट्विटरचं चॅनल सहा डीबी खाली ओढतो आणि समजतो की झालं. गाणं सहा डीबी खाली येतं पण सरसर एका केसाने कमी होत नाही, कारण ती डीएसपीच्या डॅकमधून (डिजिटल आकड्यांचा आवाजाचा सिग्नल करणाऱ्या भागातून) आणि अ‍ॅम्पमधून येते, म्हणजे तुम्ही जिथे खाली ओढलं त्याच्या पुढे तयार होते. धरणाचं दार बंद करून खालच्या ओढ्याचं पाणी थांबत नाही तसं. हे मला कळायला दोन महिने लागले आणि ज्यांचे ज्यांचे स्पीकर बघितले त्यांच्यातल्या जवळजवळ प्रत्येकाने हेच केलेलं होतं.

उपाय दोन आहेत आणि दोन्ही स्वस्त. पहिला, ट्विटरच्या अ‍ॅम्पचाच गेन कमी करायचा. टीपीए ३११६ चिपच्या बोर्डांना २०, २६, ३२ आणि ३६ डीबी असे चार गेन असतात, दोन छोट्या रेझिस्टरवर ते ठरतं. २० डीबी केलं की ०.९ चे ९ व्होल्ट, सहा डीबी कमी, बरोबर जेवढं ट्विटरला कमी हवं तेवढंच, आणि डीएसपीमध्ये दोन्ही चॅनल शून्यावर ठेवता येतात. पण यासाठी जोडणी अशी पाहिजे की एक बोर्ड दोन्ही ट्विटरना आणि दुसरा बोर्ड दोन्ही वूफरना. बरेच जण एका स्पीकरला एक स्टिरिओ बोर्ड देतात, डावं चॅनल वूफर उजवं चॅनल ट्विटर, मग गेन दोघांना एकच राहतो आणि हा रस्ता बंद होतो.

तसं असेल तर दुसरा उपाय, अ‍ॅम्प आणि ट्विटरच्या मध्ये एल-पॅड, म्हणजे आवाज दाबणारी दोन रेझिस्टरची जोडी. आठ ओहमच्या ट्विटरला सहा डीबीसाठी ३.९ ओहम मालिकेत आणि ८.२ ओहम ट्विटरला समांतर. दहा डीबी हवं असेल तर ५.६ मालिकेत आणि ३.९ समांतर. दहा वॅटचे ते पांढरे चौकोनी वायरवाउंड रेझिस्टर घ्या, पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला सहज मिळतात. यात अ‍ॅम्पची आणि डीएसपीची, दोघांची सरसर एकदम खाली येते, आणि डीएसपीमध्ये ट्विटर तेवढाच वर उचलता येतो. काही जण म्हणतात की अ‍ॅम्पच्या पुढे रेझिस्टर टाकला तर अ‍ॅक्टिव्ह करण्याचा उपयोग काय. मला हे पटत नाही. अ‍ॅक्टिव्हचा खरा फायदा फिल्टर अचूक मिळण्यात आहे, दोन ड्रायव्हर एकमेकांच्या इम्पीडन्सवर अवलंबून न राहण्यात आहे, ट्विटरपुढच्या दोन रेझिस्टरने त्यातलं काही जात नाही आणि रात्रीची शांतता परत मिळते. माझं माप असं की ट्विटरपासून वीतभर अंतरावर सरसर ऐकू आली तर चालेल, बसायच्या जागेवरून ऐकू आली तर काम बाकी आहे.

व्हॉल्यूम कुठे आहे तेही बघा. फोनवरून किंवा डीएसपीमधून कमी करत असाल तर डीएसपीची सरसर कायम तेवढीच राहणार. डीएसपी आणि अ‍ॅम्पच्या मध्ये चार गँगचा पॉट (चारही चॅनल एकदम कमी-जास्त करणारा नॉब) टाकला तर व्हॉल्यूम कमी केल्यावर ती पण कमी होते. चार गँगचे चांगले पॉट शोधायला त्रास आहे, स्वस्तातले चारही चॅनल सारखे चालवत नाहीत, कमी आवाजात वूफर आणि ट्विटरचं गणित बिघडतं. म्हणून मी पॉट न टाकता गेनच खाली आणला.

आता घूंऽऽ. याच्यात तीन प्रकार आहेत आणि कानाने ओळखता येतात. तंबोऱ्याच्या खर्जासारखं गोल घूंऽऽ वूफरमधून आलं तर ५० हर्ट्झ, ते बहुतेक अर्थिंगच्या लूपचं (ग्राउंड दोन वाटांनी जोडला गेला की होतं ते वर्तुळ). थोडं वरचं, कडा असलेलं, भुंग्यासारखं आलं तर १००, ते सप्लायमधल्या रेक्टिफायरचं (एसीचा डीसी करणारा भाग). आणि ट्विटरमधून भर्रर्र किंवा बारीक कींऽऽ आलं, गाण्याबरोबर किंवा डीएसपीच्या एलईडीबरोबर बदलणारं, तर ते एकाच सप्लायवर सगळं चालवल्याचं.

हे शेवटचं सगळ्यात जास्त दिसतं म्हणून जरा थांबून सांगतो. अ‍ॅम्पला २४ व्होल्टचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय) असतो, डीएसपीला पाच किंवा बारा लागतात, तर आपण काय करतो, चाळीस रुपयांचा बक कन्व्हर्टर (व्होल्टेज कमी करणारा छोटा बोर्ड) त्याच २४ वर टांगतो. दिसायला छान, एकच अ‍ॅडॉप्टर. पण आता डीएसपीचा ग्राउंड अ‍ॅम्पच्या ग्राउंडला दोन ठिकाणी जोडला गेला, एकदा पॉवरच्या काळ्या वायरने आणि एकदा सिग्नल केबलच्या शील्डने. वूफर जोरात हलला की अ‍ॅम्पचा मोठा करंट परत येताना थोडा शील्डमधूनही येतो, आणि शील्डवरचं जे काही आहे ते अ‍ॅम्प सिग्नल समजून वीस पट करतो. तपासायला सोपं आहे, डीएसपीला बक कन्व्हर्टरवरून काढा आणि तात्पुरतं मोबाईलच्या पॉवर बँकवर चालवा (बोर्ड पाच व्होल्टचा असेल तर). कींऽऽ क्षणात गेलं तर सापडलं. मग डीएसपीला वेगळा छोटा अ‍ॅडॉप्टर द्या, किंवा एकच सप्लाय ठेवायचाच असेल तर आयसोलेटेड डीसी-डीसी मॉड्यूल (ज्यात दोन बाजूंचा ग्राउंड वेगळा राहतो) घ्या, पण ते बहुतेक एक वॅटचे असतात, बारा व्होल्टवर जेमतेम ऐंशी मिलिअँपिअर देतात, तुमचा डीएसपी त्याच्यात बसतो का ते आधी मोजा. मावसभावाकडे नाशिकला हेच होतं, त्याने आधी दोन केबल आणि एक अ‍ॅम्प बदलला होता, पॉवर बँक लावली आणि खोली एकदम शांत झाली, दोघंही काही वेळ काही न बोलता बसून राहिलो.

५० हर्ट्झची घूंऽऽ असेल तर आधी सगळी उपकरणं एकाच एक्स्टेंशन बोर्डवर आणा, टीव्ही एका भिंतीवर आणि अ‍ॅम्प दुसऱ्या भिंतीवर असं नको. मग एकेक वस्तू काढा. लॅपटॉप असेल तर त्याचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा, घूंऽऽ गेली तर लूप चार्जरच्या अर्थिंगमधून आहे. डीटीएच असेल तर छतावरून आलेली केबल सेटटॉप बॉक्समधून काढून बघा, डिशचा खांब कुठेतरी गच्चीवरच्या लोखंडाला टेकलेला असतो आणि तिथून दुसरी जमीन आत येते. टीव्हीच्या बाबतीत सगळ्यात स्वच्छ उपाय ऑप्टिकल केबल, काच किंवा प्लास्टिकमधून फक्त उजेड जातो, तांब्याची जोडणीच राहत नाही. डीएसपीला ऑप्टिकल इनपुट नसेल तर १:१ चा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर मधे टाका, ६००:६०० म्हणून मागितला की मिळतो, खोल बास थोडा कमी होतो एवढंच.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगतो. घूंऽऽ घालवायला अ‍ॅम्पच्या थ्री पिनमधली अर्थिंगची पिन कापू नका, टेप लावून बंद करू नका. घूंऽऽ जाईल हे खरं, पण ज्या दिवशी आत ट्रान्सफॉर्मर फुटून मेन्सची फेज बॉडीला लागेल त्या दिवशी तो डबा २३० व्होल्टवर असेल आणि त्याला पहिला हात बहुधा घरातल्या लहान मुलाचा लागेल. लूप सिग्नलच्या बाजूला तोडा, अर्थिंगच्या बाजूला कधीच नको. आणि अर्थिंग आहे का तेही बघा, जुन्या इमारतींमध्ये सॉकेटला तीन भोकं असतात पण मागे वायरच नसते. मल्टिमीटर एसीवर ठेवून फेज-अर्थ मोजा, फेज-न्यूट्रल इतकंच यायला हवं, आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. वीस-तीस व्होल्ट दाखवत असेल तर स्पीकर सोडा, आधी वायरमनला बोलवा.

उलटही होतं. सगळे अ‍ॅडॉप्टर दोन पिनचे असले आणि कशालाच अर्थिंग नसलं तर अ‍ॅम्पच्या डब्याला हात लावला की बारीक झिणझिण्या येतात आणि हात लावला की घूंऽऽ बदलते. अ‍ॅडॉप्टरच्या आतल्या छोट्या कपॅसिटरमधून गळणारा तो करंट असतो, जीवाला धोका नाही पण चालू असताना आरसीए खोचला तर त्याच गळतीचा झटका डीएसपीच्या इनपुटला बसतो. केबल नेहमी सगळं बंद करून लावा, आणि साखळीत कुठेतरी एका ठिकाणी खरं अर्थिंग द्या.

जुन्या इलेक्ट्रॉनिक फॅन रेग्युलेटरमुळेही भर्रर्र येतं. पंखा फुल स्पीडवर केला की जातं का बघा, जात असेल तर कपॅसिटरवाला रेग्युलेटर बसवून घ्या, विषय संपला.

आता एक असं दुखणं जे आवाजाचं नाही पण दर तिसऱ्या माणसाला होतं, अ‍ॅम्प चालू होतो आणि लगेच बंद पडतो, परत चालू, परत बंद. क्लास डी चे हे छोटे बोर्ड बहुतेक बीटीएल असतात, म्हणजे स्पीकरची मायनस वायर ग्राउंड नसते, २४ व्होल्टच्या सप्लायवर प्लस आणि मायनस दोन्ही साधारण बारा व्होल्टवर बसलेल्या असतात आणि दोन्ही हलतात. जुन्या क्रॉसओव्हरच्या पट्टीवर मात्र वूफर आणि ट्विटरचे मायनस एकत्र जोडलेले असतात. आपण कॉइल, कपॅसिटर काढतो पण ती पट्टी किंवा मागच्या टर्मिनलमधला पितळी जंपर तसाच राहतो, मग दोन चॅनलचे आउटपुट एकमेकांना शॉर्ट होतात आणि चिप स्वतःला वाचवायला बंद पडते. अ‍ॅम्पच्या वायरी काढून वूफरचा मायनस आणि ट्विटरचा मायनस यांच्यात मल्टिमीटरचा बझर लावा. वाजला तर आत उघडून तोडा. वाजायलाच नको.

ठप्पचं कारण क्रम. डीएसपी जागा होताना त्याच्या आउटपुटवर धक्का येतो, तेव्हा अ‍ॅम्प आधीच जागा असेल तर तो धक्का वीस पट होऊन ट्विटरवर आदळतो. चालू करताना डीएसपी आधी आणि अ‍ॅम्प शेवटी, बंद करताना अ‍ॅम्प आधी. हाताने हे जमतं, पण लाईट गेली आणि आली की सगळं एकदम चालू होतं, तिथे हात पुरा पडत नाही. म्हणून चार-पाच सेकंद उशिरा जोडणारा रिले बोर्ड बसवा, यूपीसी १२३७ आयसीचे स्पीकर प्रोटेक्शन बोर्ड जुन्या पद्धतीच्या अ‍ॅम्पला चालतात, बीटीएलला मात्र ते सरळ चालत नाहीत कारण ते मायनसला ग्राउंड समजतात आणि त्या बारा व्होल्टलाच डीसीचा फॉल्ट धरतात. बीटीएल बोर्डला म्यूटची पिन असेल तर ती टायमरने उशिरा सोडा, किंवा अ‍ॅम्पच्या सप्लायमध्येच उशिराचा रिले घाला.

आणि काही झालं तरी ट्विटरच्या मालिकेत एक कपॅसिटर ठेवाच, नॉन पोलर, दुकानात ट्विटरचा कंडेन्सर म्हटलं की कळतं. आठ ओहमला ३३ मायक्रोफॅरड म्हणजे साधारण ६०० हर्ट्झला कापतो. माझा क्रॉसओव्हर २५०० ला आहे, तिथे त्याच्यामुळे फेज तेरा-चौदा अंशांनी सरकतो, तेवढं डीएसपीत मोजून दुरुस्त होतं. डीसी मात्र पूर्ण अडतो.

हे मी इतक्या आग्रहाने का म्हणतो ते सांगतो. एडीएयू १७०१ च्या बोर्डवर सिग्मा स्टुडिओतून (त्या चिपच्या सॉफ्टवेअरमधून) प्रोग्रॅम टाकला की तो लगेच चालायला लागतो, पण तो चिपच्या तात्पुरत्या मेमरीत असतो. ईईप्रॉममध्ये (कायमच्या मेमरीत) वेगळा लिहावा लागतो आणि चालू होताना तिथूनच उचलायला सेल्फबूटचा जंपर लावावा लागतो. मी ते केलं नव्हतं. दुपारी लाईट गेली, संध्याकाळी आली, बोर्डाने ईईप्रॉममधला जुना प्रोग्रॅम उचलला, ज्यात कुठलाच फिल्टर नव्हता, आणि ढोलकीचा पहिला ठोका पूर्णच्या पूर्ण ट्विटरला गेला. टक्क असा एकच आवाज आला. मल्टिमीटर लावला तर डाव्या ट्विटरवर ६ ओहम आणि उजव्यावर काहीच नाही, कॉइल तुटलेली. पंधरा वर्षांचा ट्विटर, तसा आता मिळत नाही. त्या दिवशी ३३ चा एक कपॅसिटर मालिकेत असता तर तो आज वाजत असता.

शेवटचं, आवाज नाही पण गाणं पोकळ वाटतंय, गाणारा भिंतीआडून गातोय असं वाटतंय, अशी तक्रार. पोलॅरिटी, म्हणजे प्लस-मायनस, बघा. बऱ्याच पॅसिव्ह स्पीकरमध्ये ट्विटर मुद्दाम उलटा जोडलेला असतो कारण त्या फिल्टरला ते लागतं, आपण वायरींचे रंग बघून तसाच उलटा ठेवतो आणि डीएसपीत चोवीस डीबीचा लिंक्विट्झ-रायली फिल्टर लावतो, ज्यात दोन्ही सरळ पाहिजेत. एचपी (ह्युलेट-पॅकार्ड) कंपनीतल्या लिंक्विट्झ आणि रायली यांच्या या फिल्टरवरचा लेख १९७६ चा आहे, आणि त्याची सगळी गंमत हीच की क्रॉसओव्हरच्या जागी दोन्ही ड्रायव्हर सहा-सहा डीबी खाली असतात, एकाच फेजमध्ये असतात आणि बेरीज सपाट येते. एक उलटा असेल तर तिथेच खोल खड्डा, माझ्याकडे २५०० ला म्हणजे नेमका माणसाच्या आवाजातल्या व्यंजनांवर. वूफरची पोलॅरिटी दीड व्होल्टच्या सेलने क्षणभर टेकवून कळते, कोन बाहेर आला की सेलचा प्लस तोच वूफरचा प्लस. ट्विटरला सेल लावू नका, त्याचं मापनाचा माइक आणि आरईडब्ल्यू सॉफ्टवेअरवर बघा: डीएसपीत ट्विटर मुद्दाम उलटा करा, खड्डा जितका खोल आणि सरळ तितकी जुळणी चांगली, मग परत सरळ करा. खड्डा तिरका किंवा उथळ असेल तर ट्विटरला डिले (थोडा उशीर) द्या. ट्विटरचा आवाज वूफरपेक्षा साधारण दोन-अडीच सेंटीमीटर पुढून निघतो, ४८ किलोहर्ट्झला एक सॅम्पल म्हणजे सात मिलिमीटर, तेव्हा तीन-चार सॅम्पलपासून सुरुवात करा.

पोकळ नाही पण किरकिरा, अंग नसलेला आवाज असेल तर जुन्या क्रॉसओव्हरमधली मोठी कॉइल आठवा. ती स्पीकरच्या पुढच्या फळीच्या रुंदीमुळे खाली पडणारा बासही सावरत होती. ११५ ला फळीच्या मीटरमधल्या रुंदीने भागा, वीस सेंटीमीटरच्या फळीला ५७५ हर्ट्झ येतं, तिथून खाली हळूहळू तीन-चार डीबी उचला, खोलीत भिंतीजवळ असेल तर कमी.

आता मी कोणाचेही स्पीकर केले की खरे ट्विटर लगेच लावत नाही. भंगारातून आणलेला आठ ओहमचा एक जुना ट्विटर त्या वायरींना लावतो, गाणं चालू ठेवतो आणि भिंतीवरचं मेन बटण दहा वेळा बंद-चालू करतो, मधे कधी दोन सेकंद, कधी पूर्ण मिनिट. दहाही वेळा ठप्प न होता आणि खालचा बास ट्विटरमध्ये न येता गाणं परत सुरू झालं की मगच पेटीतले स्क्रू घट्ट करतो.